फिदेलिसचा साहेब आणि त्याचा दिवा

१४ जुलै, शनिवार. लुशोटोत सकाळपासून धुकं. सकाळच्या मिसाला गेले. फादरना सर्दी. माझ्या भाचीला, कन्सोलाटाला, मागणी घालायला सोनी गावाहून मंडळी येणार, म्हणून चर्चमधून थेट फिदेलिसकडे. मांदाझीच्या गोड पुऱ्या तळून झाल्या. चहात आलं जास्त पडलं. साहेब अजून बैठकीच्या खोलीतच.

साहेब म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, फिदेलिसने, पाळलेला किन्योंगा. रंग बदलणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा सरडा. तोही पिल्लूच, माझ्या करंगळीएवढा.

फिदेलिस किन्योंगा पाळेल यापेक्षा तो बिशप होईल हे मला एक वेळ पटलं असतं. आमच्याकडे किन्योंगा दिसणं अपशकुन, आणि त्याला ढकललं किंवा ओलांडलं तर घरात मरण येतं म्हणतात. जन्मभर त्याने मिशनची गाडी चालवली. रस्त्यात किन्योंगा आडवा आला की तो इंजिन बंद करी आणि प्राणी पलीकडे पोहोचेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसे. किन्योंगा एक पाय उचलतो, डुलतो, विचार करतो आणि पुष्कळदा तोच पाय परत मागे ठेवतो. म्लालोच्या एका प्रेतविधीला फादर पोहोचले तेव्हा लोक मूठमाती देऊन घरी जेवायला बसले होते. पण फादर फिदेलिसला रागावले नाहीत. तेही इथलेच. मागच्या सीटवर जपमाळ ओढत तेही थांबले होते.

गाडीची नोकरी सुटल्यावर फिदेलिसने घराच्या मागच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला काढल्या. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण ज्याला बघून पळतो त्याला बघायला परके लोक विमानाने येतात. त्याने कुंपणावरचं एक पिल्लू फांदीसकट कापून बैठकीत आणलं आणि त्या रात्री माझ्याकडे झोपायला आला. थंड देशातला एक पाहुणा आपल्या घरी असे प्राणी पाळायचा. जाताना तो एक दिवा देऊन गेला आणि सगळं समजावून गेला. दिवसभर दिवा, रात्री पूर्ण अंधार. पानांवर पाण्याचे थेंब. बारीक चिलटं, थोडी थोडी पण सारखी, आणि त्यांना अंड्याच्या टरफलाची पूड लावलेली, म्हणजे हाडं धरतात. त्याच्या देशात ऊन मिळत नाही म्हणून दिवा लागतो, हे त्याने सांगितलं असेल, पण फिदेलिसने ऐकलं नाही. आमच्या अंगणात ऊन पडतं ते फुकट. फुकटच्या उन्हात वाढलेला किन्योंगा बघायला कोण येणार, असं त्याचं म्हणणं.

दिवा लावायचा तो फिदेलिस. चिलटं धरायची ती त्याची मुलगी कन्सोलाटा. ती शाळेत शिकवते. पिकलेलं केळं डब्यात ठेवून ती चिलटं जमवी, पूड टाकून डबा हलवी आणि फांदीजवळ उघडी. बाप दारात उभा राहून सूचना देई.

नवरा मुलगा, टिमोथेओ, तिच्याच शाळेत शिकवतो. दोघांचं कधीचंच ठरलेलं. पण मागणीचं बोलणं करणार होते मुलाचे चुलते, म्झे अलोइस (वडीलधाऱ्यांना आम्ही म्झे म्हणतो), आणि या माणसाला शकुन फार. थोरल्या पुतण्याच्या मागणीला गेले असताना छपरावर घुबड बोललं, तर हे चहा अर्धा टाकून उठले. तो पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे. अशा माणसाच्या नजरेस किन्योंगा पडला की कन्सोलाटाचं लग्न संपलं, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं.

"आजच्या दिवस बाहेर झाडावर ठेव," मी फिदेलिसला म्हटलं. "त्याची आई तिथेच वाढली ना?"

"ताई, त्याच्या आईला दिव्याची सवय होती का?"

बाहेर धुकं होतं, त्यामुळे त्याचं अगदीच चूक नव्हतं. शेवटी साहेबाची फांदी रोवलेली कुंडी पडद्यामागे सरकवली आणि उजेडाने लक्ष जाऊ नये म्हणून दिवा बंद केला.

मंडळी आली. म्झे अलोइस रीतीप्रमाणे, मुलीला कोंबडी म्हणून, आडवळणाने बोलायला लागले. त्यांची एक कोंबडी आमच्या अंगणात शिरली आहे असं कानावर आलं, ती शोधायला ते आले होते. फिदेलिस म्हणाला, अंगणात कोंबड्या पुष्कळ, कुठली ते सांगा. असं दोन्हीकडून छान चाललं होतं. मग मुलगी ओळखते का या लोकांना, हे विचारायला तिला बोलावलं.

कन्सोलाटा स्वयंपाकघरातून अंगण ओलांडून आली, दारात थांबली आणि सवयीने आधी साहेब कुठे आहे ते तिने पाहिलं. तिची नजर वर गेली. सगळ्यांची गेली. साहेब पडद्याच्या दांडीवरून दाराच्या चौकटीवर आला होता आणि बरोबर मध्यावर, एक पाय उचलून, थांबला होता. थंडीने काळपट पडला होता.

म्झे अलोइस उठले. "चला," ते म्हणाले. मंडळी उठली, पण हलली नाही. खोलीला दार एकच, आणि त्यावर तो. खिडकीला गज. काठीने ढकलू असं कोणी सुचवलं, तर अलोइस म्हणाले की तुझ्या घरात मरायचं बाकी कोण आहे ते आधी सांग. मी उचलते असं कन्सोलाटा म्हणणार होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती दाराबाहेरच उभी राहिली. तो आपल्या पायांनी पलीकडे जाईपर्यंत थांबायला हवं होतं. सगळे पुन्हा बसले. मी चहा ओतला.

चहा संपला. साहेबाचा पाय अजून वरच होता.

"हा चालतो तरी का?" अलोइसनी विचारलं.

फिदेलिस माझ्याकडे बघू लागला. कन्सोलाटाने एकदा टिमोथेओकडे पाहिलं आणि म्हणाली, "काका, त्याला गारठा लागलाय. ऊब मिळाली की चालेल. दिवा पडद्यामागे आहे."

तिला हे कसं ठाऊक, असं कोणीही विचारलं नाही. सगळ्यांना घरी जायचं होतं.

"मग लाव की," अलोइस म्हणाले.

वायर दारापर्यंत पोहोचत होती, पण दिवा उंच धरायला कोणीतरी खुर्चीवर चढायला हवं होतं. बाकीच्यांना एकेकाला गुडघेदुखी आठवली. म्झे अलोइस चढले. साहेब हळूहळू हिरवा झाला. पाय खाली आला. कन्सोलाटाने केळ्याचा डबा एका माणसाच्या हाती देऊन चौकटीच्या पलीकडच्या टोकाला धरायला सांगितला. साहेबाचा एक डोळा डब्याकडे वळला, दुसरा अलोइसकडेच राहिला. जीभ सुटली आणि चिलट नाहीसं झालं. अलोइसनी दिवा आणखी जवळ नेला.

"पाहिलंस का?" ते डबेवाल्याला म्हणाले. "पुन्हा दाखव."

यानंतर कोणाला घाई राहिली नाही. दिवा धरून धरून हात भरून येत होता, म्हणून अलोइसनी खुर्चीवरूनच कोंबडीचं बोलणं पुढे चालू केलं. वर बघत बोलावं लागत असल्याने त्यांना नेहमीसारखे फाटे फोडता आले नाहीत. केळं बदललं. पुडीशिवाय चिलट दिलं म्हणून ते डबेवाल्यावर खेकसले. साहेब पलीकडे पोहोचून भिंतीवरच्या खुंटीवर गेला तेव्हा लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं आणि दार मोकळं होऊन बराच वेळ झाला होता.

जाताना फिदेलिसनेच भीत भीत शकुनाचा विषय काढला.

"आडवा गेला असता तर गोष्ट वेगळी," अलोइस म्हणाले. "हा आडवा गेला नाही. आपण त्याला मानाने पोहोचवला." मग त्यांनी विचारलं, "दिवा मुलीबरोबर देणार ना?"

"दिवा साहेबाचा आहे," फिदेलिस म्हणाला.

अलोइसना ते पटलं. उंबऱ्यापर्यंत गेलेले ते परत वळले. रात्री पूर्ण अंधार लागतो हे त्यांनी कन्सोलाटाकडून ऐकलं होतं. त्यांनी स्वतः दिवा बंद केला.

संध्याकाळ. मांदाझी उरल्या, त्या शेजारी दिल्या. घरात एकही केळं उरलं नाही.