करदोड्याला बसलेली ओढ

आमच्या बौद्ध घरात नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. त्यात मी मलकपेठेत जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा शून्यातून उभा केलेला माणूस. समोरचा थाप मारतोय हे मला लगेच कळतं. तेव्हा 'तुम्हाला कुणीतरी बनवलं असेल' असं कृपा करून लिहू नका... ते मी आधीच तपासलंय.

गेल्या उन्हाळ्यात चक्कर सुरू झाली. मान वळवली की दुकान फिरायचं. एकदा दारांच्या थप्पीवरच कोसळलो. दार उचलता आलं नाही तर माझा धंदा संपला. बायको, सुजाता, मला तारनाक्याकडच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथं चक्करवाल्यांसाठी अख्खी टीम – कानाचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या बाई, फिजिओथेरपिस्ट.

"एका चकरेला एवढी माणसं? एकच द्या, पण चांगला द्या," मी म्हणालो.

कानाचे डॉक्टर लातूरकडचे निघाले. हसले. "काका, तोल एकटा कान सांभाळत नाही. डोळे, कान, पाय मिळून सांभाळतात. म्हणून आम्हीपण मिळून बघतो."

सकाळी एमआरआय झाला. त्यासाठी कमरेचा चांदीचा करदोडा काढून सुजाताच्या पर्समध्ये ठेवला होता. हे लक्षात असू द्या.

दुपारी तोलाची टेस्ट. मऊ फोमवर डोळे मिटून उभं राहायचं, शरीर किती डोलतं त्याची रेघ स्क्रीनवर उमटते. फिजिओथेरपिस्ट सबा म्हणाली, "अंकल, डरो नक्को. मैं पीछेच खड़ी हूँ. हात नै लगाती, गिरे तो पकड़तूँ."

डोळे मिटले. पुढे झुकलो... आणि मागून कुणीतरी करदोड्यात बोट अडकवून मला ओढलं. हळूच. मी सरळ झालो. तसाच उभा राहिलो.

मग भडकलो. "ओ अम्मा, नै पकड़ती बोलके पकड़े कायकू? ऐसा टेस्ट कैसा होता?"

सबा हातभर लांब उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले. डॉक्टर स्क्रीनकडे बघत राहिले. वेडीवाकडी रेघ एका जागी एकदम शांत झाली होती. "काका, कुणीच हात लावला नाही."

मी कंबर चाचपली. करदोडा नव्हताच.

निघताना सबानं विचारलं, घरी असाच डोळे मिटून उभं राहायचा व्यायाम करताना मागे कोण उभं राहील? सुजाताचे गुडघे गेलेले. मी म्हणालो, कोणी नाही.

मला तसं ओढणारं माणूस जगात एकच. नांदेडची माझी ताई. लहानपणी आईबाबा बांधकामावर, मी ताईच्या ताब्यात. पाण्याच्या हौदाकडे धावलो की ती करदोड्यात बोट घालून मागे खेचायची. पण आई गेली तेव्हा ताईनं मला उशिरा कळवलं. पोचलो तोवर सगळं आटोपलेलं... आईचं तोंडही दिसलं नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"जयभीम. पडलास का रे?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? तू कुणाला बोलू देतोस का माझ्याशी? दुपारी तांदूळ निवडत होते, तर बोटाला ओढ बसली. तू लोंबकळायचास ना, तश्शी. अजून ठणकतंय."

मी सुजाताचा फोन तपासला, मुलीचा तपासला, दुकानातल्या माणसांना झापून विचारलं. नांदेडला कुणीच बोललं नव्हतं.

"झालं तपासून?" सुजाता म्हणाली. "आता ताईंना बोलवा."

ताई आली. तिनं पिशवी खाली ठेवायच्या आत मी सुरू झालो, "आईच्या वेळी तू..."

"भांडण नंतर. आधी उभा राहा."

"हात लावायचा नाही हं, तसं सांगितलंय."

"नाही लावत. मोठा आला शहाणा!"

आता मी दुकानात उभा राहतो, दारंही उचलतो. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तोल जाताना शरीराला जुना आधार आठवू शकतो. मी विचारलं, मग ताईचं बोट का ठणकलं? ते हसले नाहीत. "ते आमच्या टीममध्ये कुणालाच सांगता येणार नाही, काका."

मलाही येत नाही. ताई अजून इथेच आहे. उशिरा का कळवलंस, हे मी तिला विचारणार आहे, सोडणार नाही. पण रोज सकाळी व्यायामाला डोळे मिटतो, मागे तिच्या बांगड्या वाजतात... आणि तो प्रश्न उद्यावर जातो.