आत्या आणि कारल्याची भाजी

आत्या तुरुंगातून सुटून आली तेव्हा जबलपुरात रेशनचे दिवस होते. बाबा कारखान्यात सरकारसाठी तोफांचे गाडे बनवत आणि त्यांची धाकटी बहीण कमानिया गेटपाशी त्याच सरकारविरुद्ध घोषणा देऊन आत गेलेली. आमच्या घराची तऱ्हाच निराळी. बाबांची नोकरी कशी टिकली ते देवालाच ठाऊक.

हाडं वर आलेली आत्या पाहून आईनं तिला खाऊ घालायचा चंगच बांधला. त्यातून आग्रह करण्यात आईचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुणा ‘नको, नको’ म्हणत ताटावर आडवा झाला, तरी ही बोटांच्या फटीतून वाढणार. आत्या मात्र नको म्हणेचना. आई वाढी, आत्या खाई. किती उपाशी होती बिचारी, असं म्हणत आई स्वतःच्या वाटणीची पोळीही तिच्या ताटात टाकी.

एका दुपारी आई परसात गेली, तर आत्या पेरूखाली वाकून उलटी करत होती. ते रोजचंच होतं, हे तेव्हा कळलं.

"वन्सं, जात नाही तर खाऊन काहून राहिल्या? नको म्हणा ना!"

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तिथं आम्ही उपासाला बसलो होतो, वहिनी. नको म्हटलं, तर हातपाय धरून नळीनं घातलं. आता तो शब्दच तोंडातून निघत नाही."

आईनं तिला जवळ घेतलं आणि दोघी तिथंच पायरीवर बसून राहिल्या. मला आजही त्या दोघींची फार माया वाटते.

त्या दिवसापासून घरात आग्रह बंद झाला. पाहुणे कंजूष म्हणाले, म्हणोत! आत्याला कारलं लहानपणापासून आवडत नाही, हे आईनं बाबांकडून काढून घेतलं आणि रोज तेच करायला लागली. "वाढू का, वन्सं?" एवढं विचारून थांबायची. आत्या मुकाट होकारार्थी मान हलवायची, मग आई चिमूटभर वाढायची. आम्हा पोरांच्या ताटातही कारलंच.

"अगं, लढाई संपेल, पण तुझं कारलं संपणार नाही," बाबा कुरकुरत.

"चलो, चुपचाप खा," आई म्हणे.

एका रविवारी आईनं नेहमीसारखं विचारलं. आत्यानं मान हलवली नाही. ताटावर हात आडवा धरला आणि जरा चिडूनच म्हणाली, "नको. सांगितलं ना, नको."

आई हमसून हमसून रडायला लागली. वहिनी रडते म्हणूनसुद्धा आत्यानं हात काढला नाही.