डोळ्यांत जाणारे दिवे

आमचे दिवेकाका टांग्यासमोर वाकले, की नवख्याला वाटे ते घोड्याला नमस्कार करताहेत. ते बघत असत दिव्याकडे. ठाण्यातल्या भाड्याच्या गाड्या तपासायला म्युनिसिपालटीने ठेवलेले ते हवालदार, नात्याने माझ्या मावशीचे यजमान. अंधार पडला की गाडीला दिवा हवा, एवढाच नियम होता. तो दिवा कसा हवा, हे काकांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

"गाडीचा दिवा आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो रे, समोरच्याला गाडी दिसावी म्हणून असतो," हे ऐकून ऐकून मावशीचे कान किटले होते. जेवताना समई जरा समोर आली, तरी ते ती बाजूला सरकवत. माणूस भारी विक्षिप्त, पण मला त्यांचा फार लळा.

पुढे मुंबईहून मागे आरसा बसवलेले कंदील आले. कल्याणच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीला तसले दोन होते. त्यांच्या झोतात नौपाड्याच्या एका शेतकऱ्याचे बैल बिथरले आणि भाताच्या गोणींसकट गाडी मिठागरात गेली. काका असे चवताळले की विचारू नका. उजेड किती असावा हे नियमात नव्हतंच. मग ते खळीची वाटी आणि पतंगाचा कागद घेऊन हिंडू लागले. आरशाचा कंदील दिसला, की काचेच्या वरच्या अर्ध्या भागावर कागद चिकटवायचा. गाडीवाले कुरकुरत, पण ऐकत. त्रास तर त्यांनाही होत होताच.

हळूहळू काका साध्या कंदिलांनाही कागद लावू लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं लोक म्हणत. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. एके संध्याकाळी मी कचेरीतून गणू टांगेवाल्याबरोबर परतत होतो. गणूचा कंदील म्हणजे काजळी धरलेली काच, आत वात आहे की नाही याचीच शंका. काकांनी टांगा अडवला आणि डोळ्यांवर हात धरला.

"गणू, वात खाली कर. डोळे फुटतील एखाद्याचे."

गणूने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मी काकांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं सांगितलं. कापला नाही तर नजर जाणार. पण शेजारच्या आळीतल्या एकाचा डोळा कापण्यातच गेला होता, ते काकांच्या मनात पक्कं बसलेलं. मी हातापाया पडलो, मावशीने अन्न सोडलं. काका बधले नाहीत. बिल्ला मात्र त्यांनी स्वतः नेऊन परत केला, आणि ओलं फडकं घेऊन साध्या कंदिलांवरचे कागद आपल्या हातांनी काढले. चूक माझ्या डोळ्यांची, शिक्षा त्यांच्या दिव्यांना कशाला, असं म्हणाले.

नंतर ते रोज दिवेलागणीला ओट्यावर बसत. एकदा मी गेलो, तेव्हा कुणा पाहुण्यांची बग्गी समोर येऊन उभी राहिली. नवे कोरे कंदील, आरसे लखलखीत. झोत सरळ ओट्यावर आला, मी तोंड फिरवलं. काका शांत बसले होते, डोळे सताड उघडे.

घोड्याच्या टापा त्यांनी ऐकल्या असाव्यात. समाधानाने मान हलवून म्हणाले, "बघ, सुधारले की नाही लेकाचे? आता कुणाचाच दिवा डोळ्यांत जात नाही."

"हो काका," मी म्हणालो, "सुधारले."