दार न वाजवणारं घर

हरिहरेश्वरला आमच्या घरामागे पाहुण्यांसाठी तीन खोल्या आहेत. इथली पद्धत अशी, की सकाळी होड्या लागल्या की मालकीण खोल्यांची दारं वाजवणार आणि विचारणार, सुरमई आणू की पापलेट? उशीर झाला तर चांगली मासळी हातची जाते. सासूबाईही तेच करायच्या. माणसं डोळे चोळत दार उघडायची, तोंडाला येईल तो मासा सांगायची आणि मग त्यांना पुन्हा झोप लागायची नाही.

कारभार माझ्याकडे आला तशी मी ही थाप बंद केली. मासे माझ्या पसंतीचे येतील, चूल दुपारपर्यंत पेटती राहील, ज्याने त्याने आपल्या वेळेला उठावं.

"झोपायला त्यांना घरात जागा न्हाय? इतक्या लांब कशाला येतात?" सासूबाई म्हणाल्या.

"झोपायलाच येतात."

हट्टीपणात मीही काही कमी नाही. पण तो सगळा मोसम सासूबाई उशिराच्या प्रत्येक घावनागणिक भांडी आपटत होत्या. एकदा मुंबईच्या एक शिक्षिका दुपार झाली तरी उठेनात, तेव्हा सासूबाई खोलीभोवती घिरट्या घालायला लागल्या.

"जित्ती हाय ना गो ती?"

"घोरतेय."

बाई उठल्या, पोटभर जेवल्या आणि पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन आल्या. मी ते अख्ख्या आळीला सांगितलं. अभिमान वाटला, तो लपवायचा कशाला? सासूबाईंनी मात्र नाक मुरडलं ते मुरडलंच.

यंदाच्या थंडीत त्या तापाने पडल्या. ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात आली तरी त्यांचं दार बंद. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना माझ्यानंतर उठलेलं पाहिलं नव्हतं. मी हळूच आत डोकावले. गाढ झोपल्या होत्या. नवरा हाक मारायला निघाला, मी त्याचा हात धरला. पाहुण्यांना जे मिळतं ते घरच्या बाईला का नको?

बऱ्याच वेळाने त्या पदर सावरत, ओशाळून बाहेर आल्या.

"हाक का न्हाय मारलीस?"

"आपल्याकडे कोणाला उठवत नाहीत."

त्यांनी चुलीकडे पाहिलं. पेटलेली होती. मग त्या पाहुण्यांच्या बाकावर जाऊन ऐसपैस बसल्या.

"घाल मंग घावनं," म्हणाल्या, "आनि घाई करू नको."