सागरच्या हातचं जेट

मैत्रिणींनो, आज सागरच्या रेसच्या गाडीचा कार्बोरेटर पेट्रोलसाठी करून घेतला. माझा पोरगा आम्हाला कायमचा सोडून गेला. अल्कोहोलवर पळणारी त्याची गाडी दारात गंजायली होती, म्हणलं त्याच्या बाबांना तरी वापरता येईल.

मिस्त्री म्हणाले, "काकू, अल्कोहोल जास्त लागतं, म्हणून त्यानं जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारक्या नळीचं, भोक मोठं केलंय. पेट्रोलला बारीक जेट पायजे."

"त्याच्या हातचं हाय, राहू द्या की."

त्यांनी माझं मन राखलं. गाडी काळा धूर ओकून बंद पडली.

"इंजिन खराब होईल, काकू."

मग मीच बदला म्हणलं. गाडी लगेच सुरू झाली. हे हसले. मी देवघरात जाऊन रडले.

तुमचं माणूस गेल्यावर त्याच्या हातचं काय बदलावं लागलं? तेव्हा मन कसं घट्ट केलंत?