पहिला गिअर मागं

कमलताईंचा फोन आला तेव्हा मी भूमच्या बाजारात वांगी निवडत होतो. "दाजी, ह्यांच्या छातीत दुखाय लागलं. धाराशिवला आणलंय," त्या म्हणाल्या. कुणाच्या गाडीतून आणलं, असं मी विचारलं. "आपल्याच. म्याच चालवत आणली." माझा विश्वास बसला नाही. घाबरून ताई काहीतरी भलतंच बोलत असाव्यात, असं वाटलं. कारण अण्णांची ती गाडी त्यांच्या अख्ख्या वाशी गावात अण्णांशिवाय कुणालाच चालवता येत नव्हती, आणि ताईंच्या हातात मी कधी सायकलसुद्धा पाहिली नव्हती. पण दवाखान्याच्या आवारात पोचलो तर ती लाल गाडी खरंच तिथं होती, जराशी तिरपी लावलेली. आत अण्णांच्या नाकात नळी होती. मला बघून त्यांनी डोळ्यांनी जवळ बोलावलं. वाटलं, आता काहीतरी मनातलं सांगतील... "पाव्हणं, गाडी लॉक हाय का बघून या," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

अण्णा म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे कमलताईंचे, यजमान. बाजार समितीत तोलार होते. काट्यावर कुणाचा पाय टेकलाय का, पोत्याला कुणी बोट लावलंय का, हे बघण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाले तरी नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्याच्या मापात वाकून बघत, दुकानातला नारळ कानाशी हलवल्याशिवाय घेत नसत. माझ्या मुलीच्या लग्नात चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि अक्षता टाकतानाही ती त्यांनी काखेतच धरली होती. आम्ही हसायचो. पण संशय हा संसर्गजन्य असतो. त्यांच्याकडं दोन दिवस राहून आलो की मीही एसटीत कंडक्टरनं दिलेलं तिकीट उलटंपालटं करून बघायचो.

ती गाडी त्यांनी जुनी घेतली होती. तिचा गिअरचा दांडा खिळखिळा झालेला, चढावर तिसरा गिअर आपोआप निसटायचा. विकणाऱ्यानं चांगला दांडा काढून हा बसवला, असं अण्णांचं ठाम मत होतं. गॅरेजला गाडी टाकायची तर तिथं चांगले पार्ट काढून घेतात, हे दुसरं ठाम मत. म्हणून त्यांनी मोबाइलवरून बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचा दांडा, खालच्या बैठकीसकट मागवला आणि घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच बसवायचं ठरवलं. पार्सल फोडायला साक्षीदार म्हणून मला भूमहून बोलावून घेतलं. मी मोबाइल धरून शूटिंग करत होतो आणि ते खोक्याच्या सहाही बाजू कॅमेऱ्याला दाखवत होते. आत दगड निघाला तर पुरावा हवा ना!

दांडा बसवायची रीत सांगणारे दोन व्हिडिओ त्यांनी पाहिले होते. दोन्हींवरही संशय आल्यामुळं त्यांनी तिसरीच रीत काढली. दोन सीटच्या मधलं प्लास्टिकचं आवरण काढलं, जुना दांडा सोडवला, इथवर सगळं ठीक चाललं होतं. कमलताई बॅटरीचा उजेड धरून उभ्या होत्या. दांड्याला खाली दोन केबल जोडतात. एका केबलनं दांड्याची डावी-उजवीकडची चाल गिअरबॉक्सला कळते, दुसरीनं पुढची-मागची. नव्या बैठकीला दुसऱ्या केबलसाठी वर एक आणि खाली एक अशी दोन भोकं होती. अण्णा बराच वेळ त्या भोकांकडं बघत राहिले. मी वाकून बघायला लागलो तसे म्हणाले, "पाव्हणं, निघा आता. तुमची यष्टी जाईल." एसटीला अजून चिक्कार वेळ होता. मला हाकलतायत हे मला कळलं, आणि का हाकलतायत ते न कळल्यामुळं वाटभर ते डोक्यात घोळत राहिलं.

पुढच्या खेपेला गेलो तर दांडा झकास बसला होता, मुठीच्या काळ्या गोट्यासकट. फक्त गिअर उलटे झाले होते. पहिला मागं, दुसरा पुढं, तिसरा पुन्हा मागं. मी विचारायच्या आधीच अण्णांनी खुलासा केला. "मुद्दाम केलंय. चोर बसला की पयला म्हणून दुसऱ्यात टाकंल, आन् गाडी जागीच बंद पडंल." त्यांच्या स्वभावाला शोभेल असंच हे होतं, तरी मला शंका आलीच. म्हटलं, बघू तरी कसं चालतंय, जरा चावी द्या. त्यांनी चावी बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि पावसाचा विषय काढला. नंतर दोनदा मागितली, दोन्ही वेळेला तेच. इतक्या वर्षांचा साडू आणि गाडी पळवणारा चोर त्यांनी एका रांगेत बसवला, हे मला फार लागलं. घरी बायकोला म्हणालो, तुझ्या मेव्हण्याचा माझ्यावर भरवसा नाही. ती म्हणाली, त्यांचा कुणावर आहे? पण माझं समाधान झालं नाही. कुणावर नसला तरी चालेल, माझ्यावर असायला हवा होता...

ते गेले आणि हे मनात तसंच राहिलं. गेल्या आठवड्यात वाशीला गेलो तेव्हा कमलताईंना म्हणालो, मेकॅनिक आणून गिअर सरळ करून घेऊ, त्याशिवाय विकताना गाडी कुणी घेणार नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मला असंच येतंय." अण्णांनी त्यांना बाजार समितीच्या रिकाम्या मैदानात सुट्टीच्या दिवशी शिकवलं होतं. मग न राहवून मी विचारलंच, तुम्हाला शिकवलं, मग मला नुसती चावीसुद्धा का दिली नाही? मला चोर समजत होते का?

 ताई म्हणाल्या, "कसला चोर न् कसलं काय, दाजी. चुकून केबल वरच्या भोकात बसली, म्हणून गिअर उलटं झालं. मी बॅटरी धरून हुते, मला ठाव हाय. ह्ये पुन्हा खोलायला गेले तर नट जाम. तुमी ती दोन भोकं बघितली हुती, गाडी चालवली असती तर वळखलं असतं. मला म्हणले, समद्या गावाला कळलं तरी चालंल, पाव्हण्याला कळाय नको. तुमच्याफुडं चुकलो म्हणायची लई लाज वाटायची त्यांना."

 ताईंनी आतून चावी आणली, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मागं घ्या, तोच पहिला, म्हणाल्या. मी दांडा मागं ओढला. गाडी मागच्या भिंतीवर जाईल असंच वाटत होतं. भीत भीत क्लच सोडला आणि गाडी पुढं निघाली. फाटकाशी ब्रेक दाबला आणि मला रडू फुटलं. ताईंनी आधी हँडब्रेक ओढला, दांडा हलवून गिअर नीट निघालाय का ते पाहिलं, आणि मग त्याही रडल्या.