तुटक रेघांची गाडी

भास्करअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजाजीनगरच्या छापखान्यात पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. त्यांची मुलगी सुनंदाताई एवढंच म्हणाली, "सकाळी चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत..." हातातली सुतळी तशीच धरून उभी राहिले. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. अण्णांवर लिहायचं तर आधी माझ्या एका चुकीबद्दल लिहायला हवं, कारण आमची ओळख त्या चुकीतूनच झाली.

अण्णा चार पिढ्यांपासून बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरातले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं असायचं. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी आयुष्यभर आरेखनाचं काम केलं. निवृत्तीनंतर आमच्या भागातून न्यायच्या लाइट रेलच्या, म्हणजे मेट्रोहून लहान, रस्त्याच्याच पातळीवरून धावणाऱ्या गाडीच्या सल्लागार समितीवर त्यांना घेतलं होतं. मी लहानपणापासून पत्रकांवर वाढले. बाबा कामगारांसाठी पत्रकं काढत, मी घड्या घालत असे. त्यामुळे सरकारी आराखडा दिसला की त्यात लबाडी कुठे आहे तेच माझे डोळे आधी शोधत. नागरिकांच्या सूचनांसाठी या गाडीच्या डब्याचा आराखडा वॉर्ड ऑफिसात टांगला, तेव्हाही तसंच झालं. डब्याच्या मधल्या भागात बाकाच्या जागी नुसत्या तुटक रेघा होत्या. बाकं गाळली, गरिबांना गुरांसारखं उभं करणार! त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं, "आमची बाकं कुणी खाल्ली?" हजारभर प्रती भाजीबाजारापासून बसस्टॉपपर्यंत वाटल्या.

नागरिकांच्या सभेत लोकांनी ते पत्रक हवेत नाचवलं. बाकं, बाकं, असा गजर झाला. मला काय आनंद झाला होता! व्यासपीठावरचे अधिकारी हसून म्हणाले, "जनतेची इच्छा असेल तर सगळीकडे पक्की बाकं बसवू, त्यात काय." सभा संपली. दाराशी एक बाई माझी वाट पाहत होती. ती पार्वतक्का, यशवंतपूरच्या बाजारातून फुलं आणून आमच्या भागात विकणारी. कन्नडमध्ये तिनं मला जे सुनावलं ते मराठीत असं होतं, "शिकलेली पोर तू. स्वल्प, थोडं तरी मला विचारलं असतंस तर? ती जागा माझ्या टोपलीची होती. आता मी पुन्हा रिक्षावाल्याच्या पाया पडू?" तेव्हा मला कळलं. आरेखनात तुटक रेघ म्हणजे काढून टाकलेली वस्तू नव्हे, ती हलणाऱ्या वस्तूची दुसरी जागा असते. बाकं होतीच, भिंतीला उभी होणारी. गर्दीत बसायला खाली, आणि टोपली, चाकाची खुर्ची, बाळाची गाडी आली की वर. जे हवं म्हणून मी ओरडत होते, तेच मी स्वतःच्या हातांनी हाणून पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो आराखडा काढणाऱ्या भास्करअण्णांचं घर शोधत गेले. अण्णा लुंगीवर गच्चीत उकिडवे बसून खडूनं काहीतरी आखत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे बाकं कुणी खाल्ली, ते तू! ये ये. तुझं पत्रक वाचलं. भाषा काय गं तुझी, रुळावरून उतरलेली गाडी परवडली." मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे. आधी ती कुंडी उचल आणि आत ये. दारातून ये, भिंतीतून नको." मग लक्षात आलं, पूर्ण गच्चीभर खऱ्या मापाचा डबा आखलेला होता. मातीनं भरलेली ती कुंडी पोटाशी धरून मी खडूच्या डब्यात उभी राहिले. अण्णा बाकांच्या जागी स्टुलं मांडत गेले, काढत गेले. पाचव्या मिनिटाला मी कुंडी टेकायला जागा शोधू लागले. "आता सांग, क्रांतिकारक, बसायला हवं की ठेवायला?" मी कुंडी खाली ठेवली. पार्वतक्का अशीच खरी टोपली घेऊन त्यांच्या गच्चीवर कितीदा येऊन गेली होती, ते मला मागाहून कळलं. मी तिच्या नावानं लिहीत होते, अण्णा तिच्याबरोबर आखत होते.

त्यांनी मला दोष दिला नाही. म्हणाले, "अर्धी चूक माझी. तुटक रेघ साऱ्या जगाला कळते असं मी चाळीस वर्षं समजत होतो." पण सोडलंही नाही. "पुढच्या सभेआधी दुसरं पत्रक काढ. तेवढ्याच प्रती, तेवढंच मोठं अक्षर. मथळा, आम्ही चुकलो." छापलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हे आमच्या घरचं ब्रीद. मी घरी येऊन बाबांशी भांडले, मग स्वतःशी. आणि काढलं. दारोदार वाटताना लोक हसले, एकानं विचारलं, "किती पैसे दिले गं साहेबांनी?" ते अजून टोचतं. पण अण्णा माझ्याबरोबर चालत होते, पिशवीत निम्मा गठ्ठा घेऊन, गुडघे दुखत असताना.

दुसऱ्या सभेत आराखडा टांगलाच नाही. अण्णांनी शाळेच्या सभागृहात जमिनीवर डबा आखला आणि सगळ्यांना आत बोलावलं. पार्वतक्का टोपलीसह, एक आई बाळाच्या गाडीसह, चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा, आणि शेवटी त्या अधिकाऱ्यांनाच, बॅग हातात देऊन. "सर, स्वल्प सरका... अजून... आता श्वास घ्या बघू." हशा झाला. मी उभी राहून चूक कबूल केली. मोकळी जागा परत आली. त्याच दिवशी त्यांनी स्टेशनाचा प्रश्नही काढला. तिकिटाचं फाटक स्टेशनाच्या दालनाबाहेर नको, आत, फलाटाच्या तोंडाशी हवं. दालनातली बाकं चाकांची हवीत, म्हणजे तिथं सकाळी फुलवाल्या बसतील, दुपारी पोरं अभ्यास करतील, संध्याकाळी कुणी भजन म्हणेल. सुरक्षेचं काय, असं कुणीतरी विचारलं. अण्णा म्हणाले, "तिकीट गाडीचं असतं हो. सावलीचं नसतं." माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढं चांगलं वाक्य नाही. दालनाचा निर्णय अजून झालेला नाही, तो लढा आता आमच्याकडे आहे.

नमुन्याचा डबा तयार झाला तो अण्णा गेल्यानंतर. गेल्या आठवड्यात सुनंदाताई, पार्वतक्का आणि मी तो पाहायला गाड्यांच्या शेडमध्ये गेलो. अक्कानं टोपली भरून शेवंती आणली होती. रखवालदार धावत आला, "हार घालू नका, रंगाला डाग पडेल." अक्का म्हणाली, "हार कोण घालतंय? टोपली ठेवायची आहे." मी मधल्या बाकावर बसले होते, तिला वाट द्यायला उठले. बाक आपोआप, कुणी हात न लावता, हळूच वर जाऊन भिंतीला टेकलं. सुनंदाताई पुटपुटली, "अण्णा म्हणायचे, हात भरलेल्या माणसाला बाक उचलायला सांगायचं नाही." अक्काचे दोन्ही हात टोपलीखाली होते. तिनं ती मोकळ्या जागेत ठेवली, कमरेवर हात घेऊन एकदा सरळ झाली, आणि म्हणाली, "बसली बघ बरोबर."